कोंबडेअण्णांचं मानपत्र

कोल्हापुरात फुटबॉलचा चाहता शोधावा लागत नाही. पेठेच्या कोपऱ्यावर उभं राहून कुणालाही धक्का मारा, तो चाहताच निघतो, आणि धक्का का मारला म्हणून कॉलर धरायच्या आधी तुमची तालीम कुठली ते विचारतो. पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ. इथले बहुतेक संघ तालमींचे, त्यामुळे शाहू स्टेडियमवरचा सामनाही अर्धा कुस्तीच्या अंगानंच जातो. वर्ल्ड कपच्या वर्षी गल्ल्यांची ब्राझील आणि अर्जेंटिना अशी वाटणी होते. इथपर्यंत सगळं शहाण्यासुरत्या माणसांचं.

कोंबडेअण्णा मात्र टॉटनहॅम हॉटस्परचे, म्हणजे स्पर्सचे. हा उत्तर लंडनमधला संघ, चेंडूवर उभा असलेला कोंबडा ही त्याची खूण. अण्णांचं आडनाव वेगळंच आहे, पण ते आता फक्त वीजबिलावर उरलंय. नव्वदच्या दशकात केबलवर इंग्लंडचे सामने दिसू लागले तेव्हा अण्णांनी दाविद जिनोला नावाचा, शाम्पूच्या जाहिरातीतून पळत आल्यासारखा दिसणारा फ्रेंच लेफ्ट आउट पाहिला आणि ते कामातून गेले. जिनोला 2000 साली दुसऱ्या संघात गेला. अण्णा राहिले.

जिनोला विंगर होता, आणि अण्णांच्या सगळ्या जखमा विंगरांनीच केलेल्या आहेत. गॅरेथ बेल 2013 साली जागतिक विक्रमी किमतीला रेआल माद्रिदला गेला, तेव्हा अण्णांनी दोन दिवस दाढी केली नव्हती. गोलरक्षक गेला की ते फक्त वर्तमानपत्राची घडी घालतात. यामागं शाहू स्टेडियम आहे, असं माझं मत. स्ट्रायकर लांब, तिकडं गोलपाशी. लेफ्ट आउट कडेनं पळतो, अगदी आपल्या नाकासमोरून. त्याला आई-बापावरून हाक मारता येते, त्याचा दम लागलेला ऐकू येतो, पडला तर धूळ आपल्या डोळ्यांत जाते. प्रेक्षकाच्या इतका जवळ बाकी कुणी खेळत नाही. अण्णा तरुणपणी तालमीच्या दुसऱ्या संघात लेफ्ट आउटच खेळायचे. त्यांच्या वेगाबद्दल पेठेत दोन मतं आहेत. त्यातलं एक त्यांचं.

ऑगस्ट 2015 मध्ये जर्मनीतल्या लेव्हरकुझनहून सोन ह्युंग-मिन आला. कोरियाचा, तेवीस वर्षांचा. फुटबॉलपटू बापानं लहानपणापासून असा घोटून घेतलेला, की उजवा पाय आणि डावा पाय यांत सख्खा-सावत्र करता येऊ नये. तिकडं त्याला सॉनी म्हणायचे. अण्णांनी पहिल्याच महिन्यात त्याचं सोन्या केलं आणि तो घरचा झाला.

घरचा म्हणजे कसा, तर सामन्याच्या दिवशी वहिनींनी फक्त पांढरा रस्सा करायचा. तांबडा बंद. आर्सेनल लाल, लिव्हरपूल लाल, मँचेस्टर युनायटेड लाल. त्या दिवशी तांबडा ओरपणं ही अण्णांच्या लेखी गद्दारी. कोल्हापूरच्या माणसानं तांबड्या रश्श्याला नाही म्हणणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. वहिनींनी एकदाच विचारलं, "अहो, तिकडं त्यांना कळणार हाय का?" अण्णा म्हणाले, "मला कळंल की."

या घरात आणखी एक गुंतागुंत आहे. अण्णांचे चिरंजीव मँचेस्टर सिटीचे. पोराला जिंकणारा संघ आवडतो, यात त्याचा काय दोष? पण अण्णांना ते पोरानं जातीबाहेर लग्न केल्यापेक्षा जास्त लागलेलं आहे. एप्रिल 2021 मध्ये लीग कपच्या फायनलला सिटी आणि स्पर्स समोरासमोर आले. सामना सहा दिवसांवर असताना स्पर्सनं आपला प्रशिक्षक, साक्षात मोरिन्यो, घरी पाठवला. स्पर्स 1-0 नं हरले, सोन्या मैदानावरच रडला. चिरंजीव काही बोलला नाही, उठून फ्रीजमधलं आइस्क्रीम घेतलं. अण्णा ते आइस्क्रीम अजून काढतात.

हरण्यात अण्णांचा हात धरणारा कुणी नव्हता. 1 जून 2019, चॅम्पियन्स लीगची फायनल, माद्रिद. अण्णांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावलं होतं, गुलालाची पिशवी आणून ठेवली होती. (गुलाल लाल नसतो, गुलाबी असतो, हा खुलासा त्यांनी न विचारता केला.) ते खुर्चीत नीट टेकायच्या आत लिव्हरपूलला पेनल्टी मिळाली. 2-0. पिशवी देवघरातल्या फळीवर गेली. तेव्हापासून अण्णांच्या चेहऱ्यावर एक तेज आलं, हे मी पाहिलेलं आहे. जिंकणारे चाहते बाजारात किलोवर मिळतात. हरणाऱ्याला किंमत असते. दर मे महिन्यात अण्णा चौकात असे फिरायचे, जसा मोठ्या इस्टेटीच्या दाव्यातला वादी फिरतो: निकाल लागत नाही, पण लोक ओळखतात.

मग 21 मे 2025 ला निकाल लागला. बिलबाओ शहर, युरोपा लीगची फायनल, समोर मँचेस्टर युनायटेड. आपल्याकडं मध्यरात्र उलटून गेलेली. लीगमध्ये स्पर्स सतराव्या नंबरवर, म्हणजे खालच्या वर्गात ढकलतात त्याच्या बरोब्बर एक पायरी वर. पायाच्या दुखण्यातून उठलेला सोन्या, संघाचा कप्तान असून, बाकावर. ब्रेनन जॉन्सननं मध्यंतराआधी एक गोल ढकलला, सदुसष्टाव्या मिनिटाला सोन्या उतरला, आणि उरलेला वेळ सगळा संघ आपल्याच गोलसमोर गाद्या टाकून बसला. 1-0. सतरा वर्षांनी कप. सोन्या कमरेला कोरियाचा झेंडा गुंडाळून रडत होता, आणि आजच्यापुरतं तरी मला थोर म्हणा, असं काहीसं सांगत होता.

अण्णा खुर्चीतच. कसं वागायचं त्यांना सुचेना, कारण सरावच नव्हता. शेवटी फळीवरची पिशवी काढली. सहा पावसाळे खाऊन गुलालाचा दगड झालेला. तो त्यांनी खलबत्त्यात कुटला. पहाटे तीनला. खालच्या मजल्यावरचे काका काठी घेऊन वर आले, ते गुलाबी होऊन परत गेले.

पुढचे दोन महिने अण्णा चौकात आले की लोक अभिनंदन करायचे आणि विषय संपायचा. पूर्वी तासभर पुरायचा. इस्टेट हातात आली आणि वकिलाकडं जायचं कारण उरलं नाही, तसं त्यांचं झालं होतं. प्रशिक्षक पोस्टेकोग्लूला कप जिंकून देऊन सोळा दिवस होतात न होतात तोच काढून टाकलं, तेव्हा अण्णांना जरा बरं वाटलं. आणि 2 ऑगस्टला सोन्यानं सोलमध्ये सांगितलं, मी क्लब सोडतोय.

अण्णा पुन्हा माणसांत आले.

इथं त्यांचा व्यवसाय सांगायला हवा. अण्णा सहकारी बँकेत आहेत आणि गेली कित्येक वर्षं बँकेतला प्रत्येक सेवानिवृत्तीचा कार्यक्रम तेच पार पाडतात. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ, कांदाभजी, आणि मानपत्र. मानपत्र त्यांच्या हातचं. ज्या शिपायानं तीस वर्षांत एक फाइल वेळेवर आणली नाही, त्यालाही अण्णांचं मानपत्र ऐकताना आपण बँक उभारली असं वाटून हुंदका येतो.

त्या शनिवारी संध्याकाळी त्यांनी आधी फ्लेक्स टाकला. वेळ कमी होता, फ्लेक्सवाल्यानं संगणकात तयार असलेल्या चौकटीत सोन्याचा फोटो बसवला. चारी बाजूंनी झेंडूची माळ, खाली दोन समया, वर 'भावपूर्ण निरोप'. रविवारी सकाळी चौकात चार-पाच म्हातारी माणसं टोप्या काढून उभी.

"तरणाच दिसतोय की ओ."

"कुठल्या पेठेतलं?"

"नेपाळकडचा असंल. हॉटेलात कामाला होता काय?"

"माती झाली का?"

अण्णा धावत आले आणि म्हणाले, "अमेरिकेला चाललाय!" त्यावर सगळ्यात म्हाताऱ्यानं, "कुणीकडनं का हुईना, सुटला बिचारा," म्हणून टोपी घातली.

शेवटचा सामना त्याच दिवशी, 3 ऑगस्टला, सोलच्या वर्ल्ड कप स्टेडियमवर न्यूकॅसलशी. मैत्रीपूर्ण सामना, आणि आपल्याकडं मैत्रीदिन. पोरं गल्लीत एकमेकांच्या मनगटाला रिबिनी बांधत होती. घड्याळानं पहिल्यांदाच अण्णांवर दया केली होती: दुपारी साडेचार, चहाची वेळ. एरवी मध्यरात्री एकटे बसणारे अण्णा, त्या दिवशी घर भरलेलं. चिरंजीव हातात ताट धरून उभा, ताटात शाल आणि श्रीफळ. सिटीचा असला तरी पोरगा वाईट नाही.

पासष्टाव्या मिनिटाच्या आसपास सोन्याला बाहेर बोलावलं. दोन्ही संघांचे खेळाडू दोन रांगा करून उभे राहिले, तो मधून टाळ्या झेलत चालला, डोळे पुसत. अण्णा उठले, चष्मा लावला, टीव्हीकडं तोंड केलं आणि वाचायला लागले. मला आठवतं तेवढं देतो.

"सन्माननीय श्री. सोन ह्युंग-मिन यांसी. आपण दिनांक 28 ऑगस्ट 2015 रोजी आमच्या संस्थेत रुजू झालात. या दहा वर्षांत आपली हजेरी 454 सामने व जमा 173 गोल इतकी आहे. आपल्या कार्यकाळात पाच शाखाधिकारी बदलले, प्रभारी वेगळेच. परंतु आपण कोणाविषयीही वर तक्रार केली नाही. 2018 साली आपण भर हंगामात विशेष रजा घेऊन एशियाडला गेलात, ही बाब तेव्हा आम्हांस खटकली होती. तथापि आपण सुवर्णपदक आणून लष्करी सेवेतून सूट मिळवलीत व पुढे 2020 साली तीन आठवड्यांचे प्रशिक्षण निमूटपणे पूर्ण केलेत. दिनांक 3 एप्रिल 2019 रोजी संस्थेच्या नूतन वास्तूत पहिला गोल आपल्या पायाने झाला, म्हणजेच वास्तुशांत आपणच केलीत. त्याच वर्षी डिसेंबरात बर्नलीविरुद्ध आपण आपल्याच गोलपासून चेंडू घेऊन निघालात, वाटेत भेटलेल्या कोणासही न दुखवता समोरच्या टोकास पोचलात व गोल केलात. याबद्दल आपणांस पुश्काश पुरस्कार मिळाला. 2021-22 साली आपण एकही पेनल्टी न मारता 23 गोल करून सालाह यांच्यासमवेत सर्वाधिक गोलांचा मान मिळवलात. ज्येष्ठ सहकारी श्री. हॅरी केन कपासाठी म्युनिकला गेले. आपणांसही जाता आले असते..."

इथं अण्णा थांबले. मानपत्रात हे वाक्य पुढं होतं, हातातला कागद मला दिसत होता. त्यांनी ते वाचलं नाही. घड्याळ दाखवून वहिनींना म्हणाले, "चहा टाका." टीव्हीवर सोन्या बाकावर बसून रडत होता, बाजूचे त्याच्या पाठीवर थापट्या मारत होते. चिरंजीवानं ताट खाली ठेवलं आणि शाल बापाच्याच खांद्यावर टाकली. बापानं ती उन्हाळ्यासारखं उकडत असूनही सामना संपेपर्यंत काढली नाही. 1-1.

श्रावण असल्यामुळं श्रीफळाचं पांढऱ्या रश्श्यात जाणं टळलं. पुढच्या शनिवारी नारळी पौर्णिमेला त्याचा नारळीभात झाला. तोवर सोन्या लॉस एंजलिसच्या एलएएफसीचा झाला होता. अण्णांनी जाहीर केलं, आपला संबंध संपला. पेठ सोडून गेलेल्या खेळाडूचे सामने आपल्यात कोण बघत नाही; माणूस चांगला होता, देव त्याचं भलं करो, पण आपण कोंबड्याचे. कोल्हापुरात दर हंगामात पोरं या तालमीतून त्या तालमीत उड्या मारतात, त्यांच्याविषयी पेठ जे बोलते ते इथं छापता येणार नाही. त्या मानानं अण्णांनी सोन्याला फारच सभ्यपणे सोडलं.

ऑगस्टच्या शेवटाकडच्या एका रविवारी सकाळी सहाला मी रंकाळ्यावर फिरायला जायचं म्हणून अण्णांना हाक मारायला वर गेलो. दार उघडं. अण्णा टीव्हीसमोर, आवाज पूर्ण बंद. पडद्यावर काळ्या-सोनेरी कपड्यांतला संघ. डॅलसविरुद्ध फ्री किक. सोन्यानं ती उजव्या पायानं वरच्या कोपऱ्यात टाकली, एलएएफसीसाठी त्याचा पहिला गोल, आणि दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून फोटो काढायची त्याची ती जुनी खूण केली. अण्णांचे हात आपोआप तसेच वर गेले. तेवढ्यात त्यांना मी दिसलो.

आतून वहिनींचा आवाज आला, "अहो, हे ॲपलचं वर्गणीचं काय हाय? भिशीच्या पैशातनं कुणी भरलं?"

अण्णांनी हात खाली घेतले. "सामना बघत न्हाई मी," ते मला हळूच म्हणाले, "तब्येतीची चौकशी करतोय."