पन्नास मिनिटं पुष्कळ झाली

प्रत्येक घराण्यात एक असतोच. परदेशाचं तिकीट काढताना मधल्या विमानतळावर चार तास थांबायचं दिसलं की कुणीतरी खिशात हात घातल्यासारखा तो दचकतो. आमच्याकडे हा मान साडूंचा. मुंबईहून अमेरिकेला मुलीकडे जायचं, मध्ये युरोपात विमान बदलायचं आणि दोन विमानांमध्ये अंतर किती, तर पन्नास मिनिटं.

“अहो, पन्नास मिनिटं पुष्कळ झाली! तेवढ्यात माणूस दादरहून ठाण्याला जाऊन चहा पिऊन बसतो.”

वाद घालायची सोय नाही, कारण त्यांच्याकडे आकडे असतात. एका विमानातून उतरून दुसरं गाठायला निदान किती वेळ हवा, याची मर्यादा प्रत्येक विमानतळाने ठरवलेली असते आणि त्याहून कमी वेळाचं जोडतिकीट कंपन्या सहसा विकत नाहीत. फ्रँकफर्टची ४५ मिनिटं, व्हिएन्नाची तर २५, हे साडूंना तोंडपाठ. त्यामुळे फ्रँकफर्टला पन्नास मिनिटं मिळाली की “पाच शिल्लक!” असं म्हणून ते टाळी मागतात.

आता हा सगळा हिशेब पहिलं विमान वेळेवर टेकलं तरचा. शिवाय दुसऱ्या विमानाचं दार सुटायच्या वेळेला लागत नाही, पंधरा-वीस मिनिटं आधीच लागतं. उरली तीस. त्यातली दहा उतरण्यातच जातात, कारण पुढच्या रांगेतल्या आजोबांना वरच्या कप्प्यातली आपली पिशवी सापडत नसते. त्यात विमान इमारतीला न लागता लांब मैदानात उभं राहिलं तर बस, आणि ती भरल्याशिवाय हलत नाही. हे मी एकदा कागदावर मांडून दाखवलं. साडूंनी कागद शांतपणे वाचला आणि परत दिला.

“तुम्ही चालायचा वेग धरलाय. मी पळतो.”

पळतात, हे खरं. त्यासाठीच तर ती नाडी.

नाडीचं सांगायलाच हवं. विमान बदलताना पुष्कळ ठिकाणी सुरक्षा तपासणी पुन्हा होते. पट्टा काढा, ट्रेमध्ये ठेवा, पलीकडे जाऊन पुन्हा घाला. साडूंच्या मते यात चाळीस सेकंद फुकट जातात. म्हणून त्यांनी प्रवासाची खास पँट शिवून घेतली. बाहेरून पाहाल तर ऑफिसला जायची, कडक इस्त्रीची; आत लेंग्याची नाडी. शिंप्याने दोनदा विचारलं, “साहेब, नक्की ना?” पहिली यशस्वी झाल्यावर आणखी तीन शिवल्या. मग विमान नसतानाही ते त्याच घालू लागले. का, तर सवय राहावी. भाच्याच्या लग्नात सुटाच्या कोटाखालून नाडीचं एक टोक डोकावत होतं आणि एका लहान पोराने ते ओढून पाहिलं. पुढचं व्हिडिओवाल्याने कापलंय.

तर एका हिवाळ्यात युरोपातल्या एका विमानतळावर बर्फामुळे त्यांचं विमान दहा मिनिटं उशिरा उतरलं. साडू नाडीच्या जोरावर तपासणीतून सटकन पार झाले. मागे त्यांच्या सौ., म्हणजे आमच्या ताई, अडकल्या. त्यांच्या हातातल्या पिशवीत मेतकूट होतं. पिवळी, बारीक, निनावी पूड! अधिकाऱ्याने तिच्यावर पट्टी फिरवली, मग वरिष्ठाला बोलावलं. साडू पलीकडून इंग्रजीत डाळी भाजण्याची कृती सांगत होते, ताई मराठीत “मऊ भातावर घेतात हो” म्हणत होत्या. नाडीने चाळीस सेकंद वाचवले, मेतकुटाने वीस मिनिटं घेतली. गेटशी पोचले तर विमान काचेपलीकडे समोर उभं, आणि दार बंद. साडूंनी काचेवर टकटक केली म्हणे.

तिकीट एकच असल्याने कंपनीने रात्रीची सोय करून दुसऱ्या दिवशी पुढे धाडलं. तेवढ्याने पराभव मानतील तर ते साडू कसले! युरोपियन युनियनचा २००४ सालचा २६१ क्रमांकाचा नियम आहे. कंपनीच्या दोषामुळे प्रवासी मुक्कामी तीन तासांहून जास्त उशिरा पोचला, तर लांबच्या प्रवासाला ६०० युरोपर्यंत भरपाई मिळू शकते. साडूंनी दोन पानी अर्ज ठोकला. उत्तर आलं, बर्फ ही असाधारण परिस्थिती आहे, सबब क्षमस्व. “बघा, बर्फामुळेच चुकलं,” ते मला म्हणाले. अर्जात मेतकुटाचा उल्लेखच नव्हता.

पुढे त्यांना दोन वेगवेगळी तिकिटं काढायचा शोध लागला. एका कंपनीने अमेरिकेपर्यंत, दुसरीने तिथून आत. मिळून दहा-बारा हजार वाचतात. पण अमेरिकेत सहसा पहिल्यांदा जिथे उतरता तिथेच इमिग्रेशन, तिथेच बॅगा उतरवून घ्यायच्या, कस्टममधून न्यायच्या आणि पुन्हा द्यायच्या. आणि तिकिटं वेगळी असली की दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त उशिरा आलेले गृहस्थ. तिकीट बुडालं. आयत्या वेळच्या नव्या तिकिटाचा आकडा त्यांनी कुणालाच सांगितला नाही. ताईंनी सगळ्यांना सांगितला.

आणि ज्या वेळी विमान मिळतं, त्या वेळी बॅगेला मिळत नाही. माणूस पळू शकतो, बॅग पळू शकत नाही, हे एवढं साधं गणित त्यांच्या आकड्यांत कधी नसतं. एकदा असेच अंगावरच्या कपड्यांनिशी मुलीकडे पोचले. चकल्या, भाजणी आणि उरलेल्या तीन पँटी युरोपातच. जावई सहा फुटी. त्याची पँट साडूंना दोन बाजूंनी मोठी आणि पट्ट्याला सगळ्यात आतलं भोकही पुरेना. शेवटी अंगावरच्या पँटीतली नाडी ओढून काढली आणि जावयाच्या पँटीत ओवली. बॅगा येईपर्यंत तीन दिवस भागलं. नाडी हा शोध दूरदृष्टीचा होता हे त्यांनी मला लगेच कळवलं. भारतात तेव्हा पहाटेचे साडेतीन वाजले होते.

हा माणूस असा का, ते एकदा त्यांच्याच तोंडून निघालं. बालपण जालन्याचं. त्या काळी तिकडून मुंबईला यायचं तर मीटरगेजची गाडी मनमाडला सोडायची आणि ब्रॉडगेजची धरायची. वडील सावध. जोडगाडी चुकू नये म्हणून ते आधीच्या गाडीने निघत आणि सगळं कुटुंब संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत होल्डॉलवर बसून राही. “मला उठूसुद्धा देत नसत. सामान जाईल म्हणत.” एवढं बोलून ते लगेच दुसऱ्या विषयावर गेले.

मात्र कबूल करायला हवं, आमच्या नात्यात किंवा सोसायटीत कुणाचे आईवडील पहिल्यांदा परदेशी निघाले की तिकीट साडूंनाच दाखवतात. आणि तिथे हा इसम चार तासांच्या खाली ऐकत नाही. “म्हातारी माणसं आहेत, पळायचीत का?” असं मुलांना झापतात. मग स्वतःच्या हाताने, मराठीत, मोठ्या अक्षरात चिठ्ठी: उतरल्यावर आधी फलक बघा. गेटचा नंबर बदलतो, पुन्हा बघा. आजी दमली तर बसा, वेळ आहे. व्हीलचेअर मागायला लाजू नका. वाईट वाटतं ते एवढ्याचंच, की या चिठ्ठ्या इतक्या चांगल्या असतात.

यंदा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तिकीट ताईंनी काढलं, मध्ये सहा तास. निघताना साडूंच्या कमरेला पट्टा होता. मी काही बोललो नाही, तेही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी युरोपातून फोन आला. इकडचं तिकडचं विचारलं, माझा रक्तदाबसुद्धा विचारला. आजवर त्यांना त्यासाठी कधी वेळ झाला नव्हता. मग आवाज एकदम खाली आला.

“आमच्याच गावाला जाणारं आधीचं एक विमान लागलंय. त्या टोकाचं गेट आहे. दार अजून उघडं दिसतंय हो. पळालो असतो तर—”

“खाली बसा,” मागून ताईंचा आवाज आला.