एमसीए करावेच

पदवी हातात पडल्यावर मुलाचे पुढे काय, या प्रश्नाने वाळवा तालुक्यातल्या कोणाची झोप उडू नये अशी उत्तम व्यवस्था आपण उभी केली आहे, आणि तिचे कौतुक करायला कोणी पुढे येत नाही. बीसीए किंवा बीएस्सी झालेल्या मुलाला एमसीएला घालावे. प्रश्न सुटत नाही हे खरे, पण दोन वर्षे तो कोणी विचारत नाही. पूर्वी ही सोय तीन वर्षांची होती. 2020-21पासून अभ्यासक्रम दोन वर्षांवर आला आणि हक्काची एक वर्षाची स्वस्थता गेली. उसाच्या दरात थोडी काटछाट झाली तरी पेठ नाक्यावर रास्ता रोको होतो. या अन्यायाबद्दल तहसीलदारांना कोणी साधे निवेदनही दिले नाही.

या सोयीला परंपरा आहे. 1983 साली वसंतदादा पाटलांनी, म्हणजे आपल्याच जिल्ह्याच्या मुख्यमंत्र्यांनी, खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्याच वर्षी इस्लामपूरजवळ राजारामनगरला, साखर कारखान्याच्या शेजारी, अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. आपली पोरे कॅपिटेशन फी भरून कर्नाटकात शिकायला जातात, ती इथेच राहावीत, हा त्या काळचा विचार. तो आता गावोगाव इतका रुजला आहे, की मुले शिकायला बाहेर जातच नाहीत. ती इथे पदवी घेतात आणि मग शिकायला पुण्याला जातात.

शिकवण्याच्या पद्धतीबद्दल बोलावे तेवढे थोडे. संगणकाचा विषय पेनाने शिकवायला धाडस लागते. जर्नलमध्ये उजव्या पानावर निळ्या शाईत प्रोग्राम, डाव्या कोऱ्या पानावर पट्टीने आखलेली चौकट आणि चौकटीत पेन्सिलने लिहिलेले ‘आउटपुट’. प्रोग्राम कुठे चाललेला नसतो. त्याचे उत्तर मात्र आधीच बरोबर आलेले असते. मागच्या बॅचच्या जर्नलमधून उतरवताना एखादा अर्धविराम गळला, तर तो पुढच्या सगळ्या बॅचमधून गळतो. ही गुरुशिष्यपरंपरा नव्हे तर काय? तपासणाऱ्या सरांनाही प्रोग्राम वाचत बसण्याचा त्रास नाही, पानाखाली तारीख आणि सही पुरते. काही प्रयोगशाळांत अजूनही टर्बो सीचा निळा पडदा उघडतो. तो समोरच्या विद्यार्थ्यापेक्षा वयाने मोठा आहे. गडकोटांच्या डागडुजीसाठी आपण वर्गणी काढतो, ही वास्तू मात्र कसलाही गाजावाजा न करता जपली गेली.

शेवटच्या सत्रातला प्रोजेक्ट म्हणजे या शिक्षणाचा कळस. काळे रेक्झिनचे पुठ्ठे, त्यावर सोनेरी अक्षरे. आतला मजकूर विकत मिळतो, त्यामुळे कोणाच्या तरी हाताला काम मिळते. दूध संघासाठी कधीकाळी तयार झालेला प्रोजेक्ट थोड्या फेरफाराने साखर कारखान्याचा होतो आणि ऊस वाहतूकदाराच्या नोंदीत ‘फॅट’ आणि ‘एसएनएफ’चे रकाने तसेच राहतात. बाहेरून आलेले परीक्षक ते पाहतात आणि पान उलटतात. सहकाराच्या दोन क्षेत्रांचा इतका जिव्हाळ्याचा मिलाफ यशवंतराव चव्हाणांनाही सुचला नसता. जुलै 2025मध्ये सरकारने इस्लामपूर शहराचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा अशा प्रोजेक्टमध्ये एका शब्दाचा बदल करणे भाग पडले. स्वतःचे काम म्हणावे असे त्यात तेवढेच.

आता करिअर. पेठ नाक्यावर गाडी धरून मुलगा पुण्यात उतरतो, कॉट बेसिसवर खोली घेतो आणि ‘फुल स्टॅक’चा क्लास लावतो. क्लास संपता संपता त्याला कळते, की कंपन्यांना फ्रेशर नको असतो. मग त्याच्या बायोडेटात तीन वर्षांचा अनुभव येतो. ज्या दिवसांत तो इस्लामपुरात जर्नल उतरवत होता, नेमक्या त्याच दिवसांत तो पुण्यातल्या एका फ्लॅटमधल्या कंपनीत नोकरीही करत होता, असे लेटरहेडवर शिक्क्यानिशी नमूद असते. एवढी मेहनती पिढी या तालुक्याने पूर्वी पाहिलेली नाही. काही शंकेखोर विचारतात, की आता कोड लिहायला यंत्रेच बसली आहेत, त्याचे काय? टीसीएसने 2025मध्ये सुमारे 12,000 माणसे कमी करण्याचे जाहीर केले, त्याचे काय? त्यांनी हे लक्षात घ्यावे, की कामावरून काढण्यासाठी माणसाला आधी कामावर घ्यावे लागते. आपल्या बहुसंख्य मुलांना तो धोका नाही.

आणि नोकरीसाठीच शिकायचे, हा संकुचित विचार आपल्या भागाने केव्हाच सोडला. दोन एकर बागायत, विहिरीला बारमाही पाणी, दारात ट्रॅक्टर असलेल्या पोराला आज मुलगी मिळत नाही; त्याच पोराच्या नावापुढे ‘एमसीए, पुणे, आयटी’ एवढे आले, की मध्यस्थ स्वतःहून फोन करतो. ट्रॅक्टरचे हप्ते बाप भरतो, खोलीचे भाडेही बापच भरतो, पण बैठकीत त्याला ‘मुलगा आयटीत आहे’ असे म्हणता येते आणि ते खोटेही नसते, कारण क्लास हिंजवडीलाच आहे. अलीकडे मुलीकडची मंडळी पॅकेजचा आकडा ऐकून गप्प बसत नाहीत, कंपनीचे ओळखपत्र बघायला मागतात. त्याचीही सोय पुण्यात झाली आहे म्हणे. फी वेगळी पडते.