हप्ता चुकला, राष्ट्र धोक्यात!

म्हैसूरला रिझर्व्ह बँकेच्या कंपनीचा नोटांचा छापखाना आहे. 2016 ची 2,000 रुपयांची गुलाबी नोट तिथेच छापली गेली. तिथून पंचवीसेक किलोमीटरवर नंजनगूड. 2025 च्या जानेवारीत या तालुक्यातल्या काही गावांतली कुटुंबं घराला कुलूप लावून निघून गेली. मायक्रोफायनान्सचे वसुलीवाले दारातून हलत नव्हते.

नोटांचा कारखाना शेजारी, आणि नोटांचाच दुष्काळ!

समजा, अशाच एका घरातल्या पोराची त्या छापखान्यात निवड झाली. किंवा जवळच्याच रत्नहळ्ळीत, अणुऊर्जा खात्याच्या प्रकल्पात. सरकारी नोकरीत शिरताना पडताळणीचा फॉर्म भरावा लागतो. कधी अटक झाली होती का? खटला चालू आहे का? गेल्या पाच वर्षांत वर्षभराहून जास्त कुठे कुठे राहिलात? वसुलीवाल्यांना चुकवून मामाकडे काढलेले चार महिने या रकान्यात बसत नाहीत.

सुटला म्हणायचा.

छे, सुटतोय कसला! अणुऊर्जा खात्यात गेला, तर केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1964 मधला नियम 17 पुढे उभाच आहे. कर्मचाऱ्याने कायम कर्जबाजारी राहू नये. वसुलीचा दावा लागला, तर ताबडतोब वरिष्ठांना कळवावं. आणि हे कर्ज उधळपट्टीतून झालेलं नाही, हे सिद्ध कुणी करायचं? त्यानेच. तेव्हा बाबा रे, आईच्या ऑपरेशनची बिलं जपून ठेव.

हेच सरकार घर बांधायला 25 लाखांपर्यंत अग्रिम देतं. सरकारकडून घेतलं तर अग्रिम, बाहेरून घेतलं तर अवगुण!

बँकेतली नोकरी तर त्याहून सोवळी. स्टेट बँकेच्या एका अधिकारी भरतीत निवड झालेल्या उमेदवाराची नेमणूक कर्जफेडीचा सिबिल अहवाल पाहून रद्द झाली. जाहिरात निघण्याआधीच सगळं फेडलंय, असं त्याचं म्हणणं. 2025 च्या जूनमध्ये मद्रास उच्च न्यायालयाने बँकेची बाजू उचलून धरली. लोकांचा पैसा हाताळणाऱ्याची स्वतःची शिस्त नको का?

हवी ना. पण पगार आल्याशिवाय शिस्त आणायची कुठून?

कर्जात बुडालेला माणूस विकला जातो, हा यामागचा तर्क. तो अगदीच खोटा नाही. सीआयएचा अधिकारी ऑल्ड्रिच एम्स 1985 मध्ये कर्जाला कंटाळूनच सोव्हिएतांना गुपितं विकायला गेला. पुढे त्याने 5 लाख 40 हजार डॉलरचं घर रोखीने घेतलं, वर जॅग्वार गाडी. तरी त्याला पकडायला 1994 उजाडलं. उधारी खुपते, रोकड नाही खुपत!

आणि आपल्या पुण्यात? 2023 च्या मे महिन्यात डीआरडीओच्या एका बड्या शास्त्रज्ञाला एटीएसने पकडलं. आरोप मधुजालात अडकून गुपितं फोडल्याचा, हप्ते थकवल्याचा नव्हे. खटल्याचं काय व्हायचं ते होईल. पण मोहाचा स्कोअर कुठली कंपनी काढते हो?

गुपितांच्या कामावर माणूस घेताना अमेरिका निदान कारण तरी विचारते. नोकरी गेली, आजारपण आलं, घटस्फोट झाला आणि माणूस प्रामाणिकपणे फेडतोय, तर त्याच्या बाजूने विचार करा, असं तिथल्या नियमांतच लिहिलंय. आपल्याकडच्या स्कोअरला तीन आकडे असतात, कारणांचा रकाना नसतो.

कर्नाटकाने फेब्रुवारी 2025 मध्ये वसुलीच्या दांडगाईविरुद्ध अध्यादेश काढला. 10 वर्षांपर्यंत कैद, 5 लाखांपर्यंत दंड. वा! फक्त रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या संस्था त्यातून वगळल्या. सिबिलवर डाग पाडतात त्या नेमक्या याच.

थकबाकी हा एवढा मोठा धोका असेल, तर कर्नाटकातूनच राज्यसभेवर गेलेले विजय मल्ल्या आठवतात. त्यांच्या किंगफिशरची विमानं 2012 मध्ये जमिनीवर आली. बँकांचे सुमारे 9,000 कोटी अडकले, आणि बँकांच्या त्या रांगेत सर्वांत पुढे कोण? स्टेट बँक. साहेब मात्र 2016 पर्यंत खासदार. दिवाळखोराला खासदार होता येत नाही, असं घटनेचं कलम 102 सांगतं. पण दिवाळं आधी कोर्टाने जाहीर करावं लागतं, आणि आपल्या कोर्टांना कुठे घाई असते?

2 मार्च 2016 ला ते देशाबाहेर गेले. खिशात सरकारनेच दिलेला राजनैतिक पासपोर्ट होता.