वाढीव राणीपट्टी

१५ ऑगस्ट २०२५ ला आमच्या घरचा कॉम्प्युटर स्वतंत्र झाला. मी अजून झालेलो नाही.

तसा तो बरा चालला होता. २०१४ साली घेतलेला. त्याच्यावर मी अकरा वर्षं डोंबिवलीतल्या आमच्या बेचाळीस फ्लॅटच्या सोसायटीचं सेक्रेटरीपद रेटलं. (हे पद माझ्याकडे आलं, कारण निवडणुकीच्या सभेला मी वीस मिनिटं उशिरा पोचलो.) पण त्या वर्षी पडद्यावर सारख्या सूचना यायला लागल्या. १४ ऑक्टोबरला विंडोज १० ची मोफत अपडेट बंद होणार. विंडोज ११ घ्यावं, तर त्याला टीपीएम नावाची चिप आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, सबब आपला कॉम्प्युटर पात्र नाही. छत्तीस वर्षं बँकेत मी लोकांच्या कर्ज-अर्जांवर हाच शेरा मारत आलो. तो आपल्यावर आला की किती लागतो, हे निवृत्तीनंतर कळलं.

नवा कॉम्प्युटर चाळीस हजारांच्या घरात जात होता. एवढ्यात पुण्याला इंजिनिअरिंग करणारा भाचा जोडून आलेल्या सुट्टीला आमच्याकडे आला. त्याने एक पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "मामा, लिनक्स टाकू. फ्री आहे."

सगळा घोटाळा या 'फ्री'ने केला. इंग्रजीत या एका शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि त्या मंडळींना तो फरक समजावून सांगण्यात मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांचं आयुष्य गेलं. मराठीत ती अडचण नाही. मुक्त वेगळं, फुकट वेगळं. भाचा मुक्त म्हणत होता, मी फुकट ऐकत होतो.

बाहेर दहीहंडीच्या सरावाचे ढोल वाजत होते आणि आत तो मला इतिहास सांगत होता. १९९१ साली हेलसिंकीत शिकणाऱ्या एकवीस वर्षांच्या लायनस टोरवाल्ड्सने केवळ छंद म्हणून हे सुरू केलं. (एकवीस वर्षांचा असताना मी बँकेच्या परीक्षेच्या फॉर्मला डिंकाने फोटो चिकटवत होतो.) आता जगातले सर्वांत वेगवान पाचशेच्या पाचशे सुपरकॉम्प्युटर लिनक्सवर चालतात. मला ते फार भारी वाटलं. त्यातल्या एकालाही सोसायटीची नोटीस काढावी लागत नाही, हा मुद्दा तेव्हा सुचला नाही.

लिनक्सची कुळंही पुष्कळ. १९९३ चं डेबियन, त्यातून २००४ साली उबंटू, उबंटूमधून २००६ साली मिंट. आपण मिंट घ्यायचं ठरलं. मिंटच्या प्रत्येक आवृत्तीला बाईचं नाव असतं आणि ते 'आ'कारान्तच असतं, ही माहिती मला आधी असती तर बरं झालं असतं. कारण ही चहा घेऊन आली, तेव्हा भाचा म्हणत होता, "मामा, विल्मा आता जुनी झाली. तुमच्यासाठी झिया बरी."

"ही झिया कोण?" हिने ट्रे हातातच धरून विचारलं.

पाऊण तासात झिया घरात आली. विंडोज एका अर्ध्यात, झिया दुसऱ्या अर्ध्यात. कॉम्प्युटर सुरू केला की दोघींपैकी कोण हवी ते विचारणार. दोन दिवसांनी भाचा पुण्याला परत गेला. जाताना म्हणाला, "काही नसतं हो मामा, वाचून एंटर मारायचं." पुढचं सगळं रामायण या वाक्यातल्या 'वाचून'ने घडवलं.

पहिलं लफडं घड्याळाचं. कॉम्प्युटरच्या आत छोट्या बॅटरीवर एक घड्याळ चालतं. विंडोज त्यात इथली वेळ आहे असं धरतं, लिनक्स ग्रीनिचची. दोघींमध्ये बरोब्बर साडेपाच तासांचं वैर. लिनक्स बंद करून विंडोजमध्ये गेलो की सकाळचे नऊ दहा तिथे पहाटेचे तीन चाळीस व्हायचे. मी हाताने वेळ दुरुस्त करायचो, मग लिनक्समध्ये दुपारचे दोन चाळीस. पुन्हा दुरुस्त करायचो. एकच आज्ञा दिली असती तर भांडण मिटलं असतं, पण मी आठवडाभर घड्याळ पुढे-मागे करत बसलो. इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळली असती, तर लिनक्समध्ये वाय-फायच लागत नव्हतं. वाय-फायचा ड्रायव्हर इंटरनेटवर होता.

त्याच आठवड्यात मी विंडोजमधून मेंटेनन्सच्या पावत्या छापून वाटल्या. त्या पावत्यांवर छापायची वेळ आपोआप पडते. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त वकील लिफ्टमध्ये भेटले आणि म्हणाले, "पहाटे पावणेचारला पावत्या करता? अहो, प्रकृतीला जपा." मी काहीच बोललो नाही. थकल्यासारखं हसलो.

खरं संकट हरतालिकेच्या दिवशी आलं. एव्हाना मी टर्मिनल उघडायला शिकलो होतो. टर्मिनल म्हणजे ती काळी खिडकी, जिच्यात आज्ञा टाइप करायच्या. महत्त्वाच्या आज्ञेआधी 'सुडो' लिहायचं. सुडो म्हणजे मालकाच्या अधिकाराने केलेली आज्ञा. मला तो आधी 'सूड' वाटायचा आणि अजूनही माझं काही फारसं चुकलेलं नाही. तर कॉम्प्युटरमध्ये काय काय भरलंय ते बघताना मला पायथन दिसलं. ही प्रोग्रामिंगची भाषा, एवढं ठाऊक होतं. मला प्रोग्रामिंग येत नाही, हिला येत नाही. मग हा अजगर पोसायचा कशाला? बँकेत असताना वापरात नसलेली खाती मी अशीच बंद करायचो. सुडो लिहिलं, काढून टाक म्हणून लिहिलं, पायथन लिहिलं. समोर नावांची लांबलचक यादी आली. त्या नावांमध्ये 'सिनॅमन'ही होतं. सिनॅमन म्हणजे मिंटचा अख्खा डेस्कटॉप. खिडक्या, चित्रं, मेनू सगळं त्याच्यावर उभं, आणि तो स्वतः पायथनवर उभा. यादीखाली मात्र एक प्रेमळ वाक्य होतं, की या कामानंतर इतकी जागा मोकळी होईल. मोकळी जागा म्हणजे बचत. बचतीला मी जन्मात नाही म्हटलेलं नाही. हो म्हणालो.

थोड्या वेळाने कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. काळा पडदा, कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत माझं नाव विचारणारी एक ओळ. बास.

भाच्याला फोन लावला. तो आधी खूप हसला आणि मग सांत्वन म्हणून म्हणाला, "मामा, २०२१ मध्ये कॅनडातल्या एका मोठ्या यूट्यूबवाल्याने गेमचं ॲप टाकताना अस्साच अख्खा डेस्कटॉप उडवला होता. त्याचं नावपण लायनस." मग त्याने उपाय सांगायला सुरुवात केली. इंटरनेटसाठी हिचा फोन तारेने कॉम्प्युटरला जोडलेला, ऐकायला माझा फोन कानाला. हरतालिकेच्या पूजेसाठी मैत्रिणींचे फोन यायचे होते आणि ही निर्जळी उपासाची दारात उभी. जो उपास माझ्यासाठी होता, त्याचा ती फेरविचार करते आहे हे चेहऱ्यावरून दिसत होतं.

"मिंट, आडवी रेघ, मेटा, आडवी रेघ, सिनॅमन," भाचा म्हणाला.

"कुठली आडवी रेघ? खालची की मधली?"

"मधली हो."

मी टाइप केलं. असं काही सापडत नाही, असं उत्तर आलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. दालचिनीला इंग्रजीत 'सी' लागतो आणि मी 'एस' लावला होता, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. तोवर भाच्याचं प्रॅक्टिकल सुरू झालं होतं आणि मी पेन ड्राइव्ह लावून सगळं नव्याने टाकायला घेतलं होतं. स्वतः. एकट्याने. तिथे एक पर्याय होता: डिस्क पुसून मिंट टाका. डिस्क म्हणजे आपला तो अर्धा भाग, असं मी धरून चाललो. एक धोक्याचा इशारा आला. तो मी वाचला आणि एंटर मारलं.

संध्याकाळी झिया परत आली. विंडोज गेलं ते गेलंच.

सोसायटीच्या फाइली वाचल्या, कारण बँकेच्या सवयीने मी प्रत्येक गोष्टीची दुसरी प्रत ठेवतो. त्या पेन ड्राइव्हवरून उघडल्या आणि ११ वर्षांची इतिवृत्तं माझ्यापुढे आली ती इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि डॉलरच्या चिन्हांच्या खिचडीत. आम्ही सगळे जुन्या मराठी फॉन्टांवर वाढलेले. त्या फॉन्टांत 'क' हा खरा 'क' नसायचा. इंग्रजीच्या एखाद्या अक्षराला 'क'चं चित्र डकवलेलं असायचं. फॉन्ट गेला की चित्र जातं, खालचं इंग्रजी उघडं पडतं. माझा फॉन्ट विंडोजबरोबर पुसला गेला, त्याची सीडी कुठल्या खोलीत आहे ते देवाला माहीत. लिनक्स जाहीर झालं त्याच १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तीत देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा मिळाल्या. तिथे 'क' हा कुठेही 'क'च राहतो. पण मी ३४ वर्षं तिकडे फिरकलो नव्हतो.

आणि सर्वसाधारण सभा दारात आलेली. ती ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी आणि नोटीस चौदा पूर्ण दिवस आधी जायला हवी. मिंटमध्ये मी इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावला. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. मांडणी शहाणी आहे, 'दुसऱ्या'तला तो आपला खास मराठी 'ऱ' शिफ्ट दाबून 'र'च्याच बटणावर मिळतो, आणि तो पहिल्यांदा उमटला तेव्हा मी हिला हाक मारून दाखवला होता. दीड पानाच्या नोटिशीला चार रात्री लागल्या. या वेळी खरोखरच पहाटेचे पावणेचार झाले आणि ते कोणत्याही पावतीवर छापून आले नाहीत. शुद्धलेखन तपासायला मी चुकून हिंदीचा शब्दकोश लावलेला, त्यामुळे अर्ध्या नोटिशीखाली लाल नागमोडी रेघा. त्यांच्याकडे बघायचं मी सोडून दिलं. लिनक्समध्ये आमचा प्रिंटर चालेना, म्हणून पेन ड्राइव्ह घेऊन झेरॉक्सवाल्याकडे गेलो. बेचाळीस प्रती काढल्या आणि सह्या घेऊन घरोघर वाटल्या.

इनस्क्रिप्टमध्ये 'प' आणि 'र' शेजारी शेजारी आहेत.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री नऊला पहिला मेसेज आला: "विषय क्र. ५, वाढीव राणीपट्टीबाबत विचार करणे. सेक्रेटरीसाहेब, राणी किती बीएचकेची?" त्यानंतर मी फोन बंद केला.

२८ सप्टेंबरच्या सभेत पहिले चार विषय कुणी ऐकलेच नाहीत. पाचवा आला तसे तिसऱ्या मजल्यावरचे वकील उभे राहिले. पाणीपट्टी वाढवणं हा आर्थिक विषय आहे, तो विषयपत्रिकेवर नाही, आणि 'आयत्या वेळचे विषय' यातही घेता येणार नाही. राणीपट्टीवर चर्चा करायला मात्र आपली हरकत नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाणीपट्टी वाढली नाही म्हणून वाजवल्या. ती मलाही भरावी लागली असती, म्हणून मीही हळूच वाजवल्या. मग खजिनदारांनी पहाटे पावत्या करणाऱ्या सेक्रेटरींच्या अभिनंदनाचा ठराव मांडला, वकिलांनी अनुमोदन दिलं आणि आणखी पाच वर्षं मीच.

आता पाणीपट्टीसाठी विशेष सभा बोलवायची होती. या वेळी मी 'प'च्या बटणावर टिकलीचा तुकडा चिकटवला, शब्दकोश काढून टाकला आणि मसुदा घरातच प्रूफ बघायला दिला. चष्मा लावून हिने पहिला विषय वाचला. पाणीपट्टी, बरोबर. दुसरा विषय इमारतीच्या पायाजवळ होणाऱ्या गळतीचा होता.

ती त्या ओळीवर थांबली. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली, "अहो, आधी ती झिया आली, मग राणी आली. आता हा राया कोण, आणि तो कशाने गळतोय?"