देवगिरीचे बिनपगारी सल्लागार

काही माणसं किल्ला बघायला जातात. आमचे नाना तपासणीला जातात. दौलताबादच्या, म्हणजे जुन्या देवगिरीच्या, दारात गाइड पुढे आला, तेव्हा नानांनी त्याला "तुम्ही बसा सावलीत" असं सांगितलं आणि यादवांची हजेरी घ्यायला सुरुवात केली.

"१२९६ साली अल्लाउद्दीन चालून येतो आणि युवराज शंकरदेव फौज घेऊन बाहेर! घर असं मोकळं सोडतात का?" उत्तर द्यायला राजा रामदेवराय हजर नसल्यामुळे नानांनी आमच्याकडे रागानं पाहिलं. चाँदमिनारापाशी तुघलकाचा नंबर लागला. १३२७ च्या सुमारास दिल्लीची राजधानी इथे आणण्याआधी त्याने नानांशी दोन शब्द बोलायला हवे होते, एवढंच ठरलं. मेंढा तोफेवर मात्र नाना खूश झाले. मागच्या टोकाचं मेंढ्याचं डोकं थोपटत म्हणाले, "ही बरी आहे."

खंदक ओलांडून अंधारीत शिरलो. कातळात खोदलेला तो भुयारी जिना, वटवाघळांचा उग्र वास, पायाखाली निसरडं. "घाबरू नका, मी आहे!" नाना ओरडले आणि त्यांच्या मोबाइलची बॅटरी गेली. उजेडात आलो तेव्हा काकूंचा पदर नानांच्या मुठीत होता.

वर बारादरीत टेकल्यावर नानांनी मुख्य आरोप काढला. वेढ्यात धान्याची म्हणून गडावर चढवलेली पोती उघडली, तर आत मीठ निघालं, अशी कथा सांगतात. "पोतं उघडून बघायला काय झालं होतं?" नाना कडाडले. "रसद म्हणजे पोरखेळ नव्हे! अगं, डबा काढ."

काकूंनी पिशवी उघडली. आत दोन स्वेटर आणि एक शाल. डिकीतून पिशवी नानांनीच उचलली होती.

"चढायच्या आधी बघायचं नाही का?" नाना काकूंना म्हणाले.

उतरताना नाना यादवांविषयी चकार शब्द बोलले नाहीत. खाली तटाच्या आतच गाव आहे. पडक्या भिंतींच्या आडोशाला पेरू, सीताफळं, उसाचा रस. सगळे भुकेलेले. पेरूवालीने चार फोडी करून विचारलं, "मीठ लावू का, बाबा?"

नानांच्या आधी काकू बोलल्या, "आधी चाखून दाखव गं त्यांना. मिठावरून त्यांचं नि यादवांचं सकाळपासून वाजलंय."