एव्हरेजच्या नादात महाबळेश्वर

ऑटोमॅटिक (एएमटी) गाडीचे एव्हरेज जोखायला पुणे–महाबळेश्वर हा सोयीचा रस्ता आहे. सुमारे 120 किलोमीटरमध्ये कात्रजची गर्दी, सातारा रस्त्यावरची मोकळी धाव आणि वाईनंतरचा पसरणी घाट असे सगळे मिळते. गाडीत चालकाशेजारी एक काका बसतात, मागे काकू. काका जुन्या फियाटवर तयार झालेले असतात, त्यामुळे सल्ल्यांचा तुटवडा पडत नाही.

बचत निघण्याआधीच सुरू होते. टायरची हवा गाडी थंड असताना तपासावी. हवा कमी असली की टायर जास्त दबतो आणि इंजिनाला जास्त ओढावे लागते. डिकीतले ओझेही कमी करावे. याचा अर्थ छत्री घरी ठेवायची आणि चकल्यांचा डबा घ्यायचाच, असा लावला जातो.

गर्दीत अ‍ॅक्सिलरेटर हलकाच दाबावा. एएमटी गाडीने वेग घेतला की पाय किंचित उचलावा, म्हणजे वरचा गिअर लवकर पडतो. पाय जोरात दाबला की खालचा गिअर पडतो, इंजिन ओरडते आणि डॅशबोर्डवरचा एव्हरेजचा आकडा धाडकन 6 वर येतो. काका तो मोठ्याने वाचून दाखवतात.

महामार्गावर हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 80 ऐवजी 100 ने गेल्यास तो दीडपटीहून जास्त होतो. घाट चढताना गाडी थांबली तर ती अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरू नये, ब्रेक लावावा. नाहीतर एएमटीचा क्लच जळतो. टेबललँड, वेण्णा लेक आणि स्ट्रॉबेरी क्रीम यथासांग पार पडते.

खरा प्रवास परतीच्या उतारावर सुरू होतो. पाचगणी मागे पडताच काका म्हणतात, "आता न्यूट्रलला टाक. फुकटात वाईला पोचू."

कार्ब्युरेटरच्या काळात हे खोटे नव्हते. फियाट गिअरमध्ये उतरतानाही पेट्रोल ओढत असे. मोजून पेट्रोल भरायच्या त्या दिवसांत घाटात वाचलेल्या थेंबांवर पोरांची एखादी सहल जास्तीची व्हायची. काकांच्या या हट्टामागे कंजूषपणा नसतो.

आताच्या गाडीत मात्र गणित उलटे आहे. गिअरमध्ये असताना पाय उचलला की इंजेक्टर बंद होतात आणि चाकेच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये इंजिनाला चालू राहण्यासाठी पेट्रोल लागते. ताशी 0.6 लिटर धरले, तरी वीस मिनिटांच्या उतारात 200 मिलिलिटर, म्हणजे पेलाभर पेट्रोल फुकटाच्या नावाखाली जळते.

शिवाय गाडी रोखायचा सगळा भार ब्रेकवर पडतो. दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर जळका वास येतो. काका तो पुढच्या ट्रकच्या नावावर टाकतात. ट्रक बाजूला थांबतो, वास गाडीबरोबर पुढे येतो. मग ब्रेकचे पॅडल मऊ लागते आणि चालकाचा चेहरा पांढरा पडतो. गाडी कशीबशी कडेला लागते. पुढच्या चाकातून धूर निघत असतो. काकू पाण्याची बाटली घेऊन धावतात. हे पाणी ओतू द्यायचे नसते. तापलेली डिस्क अचानक गार झाली तर वाकते किंवा तडकते. ते पाणी काकांना प्यायला द्यावे. ब्रेक गार होईपर्यंत चकल्यांचा डबा संपतो, म्हणजे ओझे एकदाचे कमी होते.

उरलेला घाट मॅन्युअल मोडवर, दुसऱ्या गिअरमध्ये उतरावा. इंजिनच गाडी धरून ठेवते, ब्रेकला उसंत मिळते आणि इंजेक्टर बंद असल्याने पेट्रोलही वाचते. उतारावर गाडी न्यूट्रलला टाकू नये, आणि टाका म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना मागच्या सीटवर मानाने बसवावे.