एक तुकडा दिला तर काय होतं?

नागपूरच्या गांधीबागेत कुत्रा पाळणाऱ्याला सल्ल्यांचा तोटा नाही. कापडाच्या ठोक बाजारातून पट्टा धरून निघालं की प्रत्येक गादीवरून काही ना काही कानावर येतं. केस कापून टाका, गर्मी होत असंल. दूध-पोळी द्या, पॅकेटच्या खाण्यावर काय जगते तो? दोन ठेवून द्या, सुधरंल. हे सगळं मुकाट्यानं ऐकून घेता येतं. ऐकून घेता येत नाही ते एकच वाक्य, 'एक तुकडा दिला तर काय होते भाऊ?' काय होतं, ते एकदा नीट सांगायलाच हवं.

आमचा लिओ गोल्डन रिट्रीव्हर आहे. ही जात स्कॉटलंडची. लॉर्ड ट्वीडमाउथ यांनी गिसाकन इथल्या आपल्या जहागिरीत नूस नावाचा पिवळसर रिट्रीव्हर आणि बेल नावाची वॉटर स्पॅनियल यांची जोडी लावली आणि १८६८ साली या जातीची मूळ पिल्लं जन्मली. शिकारीत पडलेला पक्षी पाण्यातून, झुडपातून शोधावा आणि दात न रुतवता मालकाच्या हातात आणून द्यावा, हे त्यांचं काम. म्हणजे दिसेल ती वस्तू तोंडात धरणं ही लिओची खोड नाही. दीडशे वर्षं माणसानंच ते त्याच्या रक्तात उतरवलं आहे. आणि आमच्या रस्त्यावर पडलेलं काय असतं? साडीच्या काठाची कात्रणं, गाठी सोडताना कापलेली सुतळी, पॅकिंगच्या प्लास्टिकच्या पट्ट्या. लांब दोरा किंवा सुतळी पोटात गेली तर आतडी चुणीसारखी गोळा होतात आणि पोट फाडून तो दोरा काढावा लागतो. म्हणून 'सोड' हा आमच्या घरातला पहिला धडा.

हा धडा शिकवायची रीत ठरलेली आहे. तोंडातली वस्तू ओढायची नाही आणि मागे धावायचं नाही. उकडलेल्या रताळ्याचा तुकडा नाकाजवळ न्यायचा, जबडा सैल पडला की 'सोड' म्हणायचं, वस्तू उचलायची आणि मगच तुकडा द्यायचा. परवा त्यानं जरीच्या काठाची पट्टी उचलली. मी खाली बसलो, रताळं पुढे केलं. त्याची नाकपुडी हलली, जबडा सुटू लागला, पट्टीचं ओलं टोक खाली लोंबायला लागलं. तेवढ्यात एका दुकानातला पोरगा ओरडला, 'अबे पकड ना त्याले!' आणि टाळ्या वाजवत धावून आला. लिओनं पट्टी घट्ट धरली आणि हातगाडीखाली घुसला. आणखी दोघं मागे लागले, हमाल हसत उभे राहिले. त्या दिवशी तो एवढंच शिकला की तोंडात कापड धरलं की अख्खी गल्ली आपल्याशी खेळायला येते. इतके दिवस घरात बसून शिकवलेलं त्या दोन मिनिटांत पुसलं गेलं.

आता तुकड्याचं. बी. एफ. स्किनर यांनी प्रयोगांतून दाखवून दिलं की दर वेळी मिळणारं बक्षीस थांबलं तर लागलेली सवय लवकर सुटते. अधूनमधून मिळणारं बक्षीस थांबलं तरी सवय मात्र चिवटपणे टिकते. तेव्हा 'रोज कुठे देतो, कधीतरीच देतो' हा बचाव नसून तोच खरा गुन्हा आहे. गांधीबागेतल्या व्यापाऱ्याला हे मी समजावून सांगावं लागू नये. ज्या गिऱ्हाइकाला एकदा भाव पाडून दिला, ते पुढच्या प्रत्येक खेपेला तोच भाव मागतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? शिवाय समोशातला कांदा आणि शिऱ्यातले मनुके कुत्र्याला विषासमान आहेत. चॉकलेटही तसंच.

उड्या मारण्याचंही तेच. चारही पाय जमिनीवर असल्याशिवाय लिओचे लाड करायचे नाहीत, हा आमचा नियम. लोक मात्र तो अंगावर आला की 'अले अले' करत त्याला छातीशी धरतात आणि 'असू द्या, लहान आहे' म्हणतात. पूर्ण वाढलेला नर तीस किलोच्या घरात जातो. तो उद्या एखाद्या गुडघे दुखणाऱ्या काकूंच्या अंगावर गेला, तर हेच लोक त्याला माजोरी म्हणतील.

उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो. डांबराला हाताची मागची बाजू क्षणभर टेकवत नसेल, तर पंजेही टेकवू नयेत. त्यामुळे शिकवायला पहाटेचीच वेळ उरते. आणि त्याचे केस भादरून उपयोग नाही. अंगावरचा तो दुहेरी थर उन्हाचा तापही अडवतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची वाजतगाजत मिरवणूक निघते. ती शंभराहून अधिक वर्षांची आपली परंपरा आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. ढोल-ताशांची सवय व्हावी म्हणून रेकॉर्डिंग आधी अगदी हळू लावून, खाऊ देत देत आवाज वाढवता येतो, आणि आम्ही तो वाढवतो. तक्रार आहे ती, कुत्रा कसा उडतो ते पाहायला त्याच्या पायाशी सुतळी बॉम्ब टाकणाऱ्याबद्दल. तो बॉम्ब एकदा फुटला की लिओ त्या कोपऱ्यावरून जायलाच तयार होत नाही.

म्हणून गल्लीतल्या सगळ्यांना हात जोडून विनंती आहे. हात लावण्याआधी विचारा. तो उड्या मारत असेल तर पाठ फिरवा, शांत उभा असेल तेव्हा मनसोक्त कुरवाळा. त्याच्या तोंडात काही दिसलं तर धावू नका, मला हाक मारा. आणि खायला द्यावंसं फारच वाटलं, तर आधी माझ्याकडून रताळ्याचा तुकडा मागून घ्या. 'बस' म्हणा, एकदाच म्हणा. तो बसेल. मग तुमच्या हातानं द्या.